नॉट, हिच, बेंड, लॅशिंग: दोरी बांधायला शिकताय तर इथून सुरुवात करा

दोरीने काही बांधायचं म्हटलं की बहुतेक जण एकच करतात, गाठीवर गाठ, त्यावर अजून एक, आणि सोडवायची वेळ आली की कात्री. दोरी वाया जाते आणि एवढं करूनही सामान रस्त्यात सरकतंच, कारण गाठींची संख्या वाढवून पकड वाढत नाही, दोरी कुठून कशी वळली आणि ताण कुठल्या बाजूला आला यावर सगळं असतं. हा लेख ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांच्यासाठी आहे. मोजक्या गाठी आहेत, पण त्या हाताला बसल्या की घरातलं, गाडीवरचं, गोठ्यातलं आणि तंबूचं जवळपास सगळं काम भागतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवा: गाठ धरली पाहिजे, आणि आपल्याला हवी तेव्हा हाताने सुटली पण पाहिजे. यातली एक जरी गोष्ट होत नसेल तर ती गाठ त्या कामाची नाही.

आधी ते इंग्रजी शब्द

व्हिडिओ बघून शिकायला गेलात की नॉट, हिच, बेंड, लॅशिंग असे शब्द धडाधड येतात आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो, म्हणून ते आधी उरकून टाकू. नॉट म्हणजे ढोबळमानाने कुठलीही गाठ, पण दोरीतले जाणकार काटेकोर बोलतात तेव्हा नॉट म्हणजे दोरीतच मारलेली गाठ, जिला दुसऱ्या वस्तूचा आधार लागत नाही. हिच म्हणजे दोरी कशाला तरी बांधणं, खांबाला, कडीला, खिडकीच्या ग्रिलला, खुंट्याला. हिचमधून ती वस्तू काढून घेतली तर गाठ मोडते आणि बहुतेक वेळा नुसती दोरी हातात उरते. बेंड म्हणजे दोन दोऱ्या एकमेकींना जोडणं. आणि लॅशिंग म्हणजे दोन-तीन बांबू किंवा वासे एकमेकांना जखडणं, ट्रकवर किंवा जहाजावर माल जखडून टाकतात त्यालाही लॅशिंगच म्हणतात.

आपल्याकडे गाठीची विभागणी ती सुटते कशी यावरून आहे. टोक ओढलं की सुळकन सुटते ती सुरगाठ, आणि ओढाल तशी आवळत जाते ती निरगाठ. इंग्रजीत सुरगाठीसाठी गाठीच्या नावाआधी स्लिप्ड लावतात, म्हणजे टोक पूर्ण बाहेर न काढता त्याची दुमड आत अडकवलेली. हे दोन्ही हिशोब डोक्यात ठेवले की प्रश्न सोपा होतो: मला दोरी वस्तूला बांधायचीय, दोरीला दोरी जोडायचीय की बांबूला बांबू? आणि नंतर मला ती पटकन सोडायचीय का?

दोरी कुठली घ्यायची

हार्डवेअरच्या दुकानात जी पिवळी-निळी-हिरवी चकचकीत प्लास्टिकची दोरी मिळते ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असते, दुकानदार पीपी म्हणतात. स्वस्त, हलकी, पाण्यावर तरंगते, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते आणि उन्हात पडून राहिली की कुजल्यासारखी होते. तिच्यावरून हात फिरवल्यावर बोटांना भुसा लागत असेल तर ती दोरी वजनाच्या कामातून बाद करा, कितीही जाड असो. नायलॉन मजबूत असतं पण ताणतं, आणि भिजलं की आणखी ताणतं, म्हणून पावसात नायलॉनने आवळलेलं सामान थोड्या वेळाने सैल झालेलं दिसतं. सुतळी आणि काथ्याची गोष्ट वेगळी, खरखरीत असल्यामुळे गाठ धरून ठेवतात, मात्र भिजल्यावर फुगतात आणि गाठ अशी आवळते की ओली असताना सुटत नाही. पूर्वी गोठ्यात अंबाडीचे, घायपाताचे दोर असायचे, त्यांचा फायदा हाच की हाताला आणि जनावराच्या मानेला मऊ पडले तरी गाठीत घसरत नसत.

शिकायला मात्र यातलं काही नको. ८ मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्या, दोन मीटरचे दोन तुकडे, जमलं तर दोन वेगळ्या रंगांचे. बारीक सुतळीवर गाठ शिकायला गेलात तर दोरी कुठून कुठे गेली तेच दिसत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो.

कापलेलं टोक उसवतं, त्याचा बंदोबस्त आधी करा. नायलॉन किंवा पीपी असेल तर कापण्याआधी तिथे चिकटपट्टी गुंडाळा, पट्टीच्या मधोमध कापा आणि टोक मेणबत्तीवर धरून वितळवा. वितळलेलं प्लास्टिक बोटाने दाबू नका, ते कातडीला चिकटतं आणि भाजणं खोल जातं, ओल्या फडक्याने किंवा चमच्याच्या पाठीने दाबा. सुती दोरीला जाड दोरा घट्ट गुंडाळून बांधायचा, स्काउटमधे याला व्हिपिंग म्हणतात.

आता तीन शब्द मी पुढे सारखे वापरणार आहे ते बघून घ्या. जे टोक हातात धरून आपण फिरवतो ते मोकळं टोक. दोरीची जी बाजू वजनाकडे किंवा ताणाकडे जाते ती ताणाची बाजू. आणि दोरी नुसती यू आकारात वाकवली, स्वतःवरून ओलांडली नाही, तर ती दुमड.

पहिली गाठ: दोन वेढे आणि दोन हाफ हिच

नवीन माणसाने सगळ्यात आधी ही शिकावी असं माझं ठाम मत आहे, लोक मात्र फॅन्सी गाठींच्या मागे लागतात. इंग्रजीत राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस. कपडे वाळत घालायची दोरी, ग्रिलला बांधायची गुढीची काठी, झाडाला बांधायचा झोका, सगळीकडे चालते.

मोकळं टोक खांबाभोवती नेऊन पूर्ण फिरवा आणि परत एकदा फिरवा, म्हणजे खांबावर दोरीचे दोन पट्टे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, एकमेकांवर चढलेले नकोत. ताण या वेढ्यांनीच घेतलेला असतो, म्हणून गाठ मारताना वजन ओढत असलं तरी एका हाताने धरता येतं. मग मोकळं टोक ताणाच्या बाजूवरून पलीकडे न्या, तिच्या खालून वळवून आपल्याच फटीतून बाहेर काढा, ही झाली एक हाफ हिच. ती खांबाकडे सरकवा. आता तेच पुन्हा, त्याच दिशेने. दिशा बदलली तर दिसायला साधारण तशीच दिसते पण पकड कमी होते. ओळखायची खूण अशी की बरोबर झाली असेल तर ताणाच्या बाजूवर दोन वेढ्यांच्या मधून एक तिरका पट्टा गेलेला दिसतो आणि टोक त्या तिरक्या पट्ट्याखालून बाहेर येतं.

टोक दहा-बारा सेंटिमीटर तरी मोकळं सोडा. कंजूषी करून टोक अगदी गाठीशी कापणारे लोक असतात, पहिल्या हिसक्यात ते आत ओढलं जातं आणि गाठ संपते.

क्लोव्ह हिच

वर जो तिरका पट्टा सांगितला तीच क्लोव्ह हिच, फक्त ती ताणाच्या बाजूवर न मारता थेट खांबावर मारायची. मोकळं टोक खांबाभोवती फिरवून आणा, आधीच्या दोरीवरून तिरकं ओलांडा, परत एकदा फिरवा आणि शेवटी त्या तिरक्या पट्ट्याखालून टोक घाला. ओढा. दोन टोकं विरुद्ध दिशांना गेलेली दिसली की झालं.

खुंट्याचं वरचं डोकं मोकळं असेल तर याहून जलद पद्धत आहे. दोरीत एक कडं करा, त्याच वळणाचं दुसरं कडं त्याच्या शेजारी करा, दुसरं पहिल्याच्या मागे सरकवा आणि दोन्ही एकदम खुंट्यावरून खाली घाला. रांगेने खुंट्या मारून दोरी लावायची असेल, वाफ्यांच्या आखणीसाठी किंवा कार्यक्रमात लोकांना अडवायला, तर दोरी मधे कुठेही न कापता एकेका खुंट्याला असं अडकवत जाता येतं.

पण ही गाठ एकटी सोडू नका. खांब गोल फिरणारा असेल किंवा दोरी सारखी हलत असेल तर क्लोव्ह हिच हळूहळू चालत जाते, म्हणजे सुटत सुटत सरकते. शेवटी एक हाफ हिच वर मारून टाका. चौकोनी पाइपवर तर मी ती वापरतच नाही, कोपऱ्यांमुळे दोरी नीट बसत नाही, तिथे आधीची दोन वेढ्यांची गाठ.

बोलाइन, म्हणजे न आवळणारं कडं

ही शिकायला थोडी अवघड पण एकदा आली की आयुष्यभर पुरते. दोरीच्या टोकाला असं कडं तयार होतं जे कितीही ओढलं तरी लहान होत नाही, आणि वजन काढलं की बोटांनी सुटतं. विहिरीतून पाणी काढायच्या बादलीच्या कडीला, ताडपत्रीच्या आयलेटला म्हणजे कडेच्या कडीदार भोकाला, आकाशकंदील लटकवायला, जिथे कडं हवं तिथे ही.

दोरीचा ताणाचा भाग डाव्या हातात, मोकळं टोक उजवीकडे. टोकापासून हातभर अंतर सोडून एक लहान कडं करा, त्यात टोकाकडची दोरी वर यायला हवी आणि ताणाची बाजू खाली. आता टोक त्या लहान कड्यातून खालून वर काढा, ताणाच्या बाजूच्या मागून फिरवा आणि परत त्याच कड्यात वरून खाली घाला. स्काउटच्या वर्गात पोरांना सांगतात की ससा बिळातून वर आला, झाडामागून फिरला आणि परत बिळात गेला, आणि खरंच तसंच आहे ते. मग एका हातात ससा आणि त्याच्या शेजारची कड्याची दोरी धरा, दुसऱ्या हातात झाड, आणि ओढून नीट बसवा.

चुकतं कुठे ते सांगतो. लहान कडं उलटं केलं, म्हणजे टोकाकडची दोरी खाली गेली, की टोक बिळातून कसंही घातलं तरी गाठ बसत नाही, ओढल्यावर भलतंच काहीतरी होतं. म्हणून गाठ जमत नसेल तर सशाकडे बघू नका, बिळाकडे बघा.

सोडवताना गाठीच्या पाठीवर, ताणाच्या बाजूला मिठी मारून बसलेली जी दुमड आहे ती अंगठ्याने मागे मोडायची, लगेच ढिली पडते. पण वजन लटकत असताना बोलाइन सुटत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे भरल्या वजनासकट सोडावं लागेल अशा ठिकाणी ती मारू नका. आणि दोरी कडक असेल, वजन कधी येतं कधी जातं असं असेल, तर हलून हलून ती सैल पडू शकते, म्हणून उरलेल्या टोकाने शेजारच्या दोरीवर एक साधी गाठ मारून ठेवा.

गाय, म्हैस, शेळी किंवा कुत्र्याच्या गळ्यात दोरी घालायची वेळ आली तर सरकता फास कधीही नको. जनावर बिचकून ओढलं की फास आवळतो आणि ते जितकं धडपडतं तितका आणखी आवळतो. गळ्याशी न आवळणारं कडं, दोन-तीन बोटं आत जातील एवढं सैल, आणि खुंट्याकडच्या बाजूला मात्र सुरगाठ, म्हणजे आग लागली, पाणी शिरलं, काही झालं तरी एका झटक्यात जनावर मोकळं करता येईल. ही गोष्ट मला या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर

इथे जवळपास सगळे जण रीफ नॉट मारतात, चपटी दिसणारी गाठ, उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. स्काउटच्या जागतिक चिन्हात खाली जी गाठ दिसते ती हीच. बँडेज बांधायला उत्तम, कारण चपटी बसते आणि टोचत नाही, पुस्तकांचा गठ्ठा बांधायलाही छान. पण वजन उचलायला दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर ही गाठ वापरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

का ते स्वतः करून बघा, दोन रंगांच्या दोऱ्या घेतल्याच आहेत. रीफ नॉट मारून घट्ट ओढा, एकदम पक्की वाटेल. आता एकाच रंगाचं मोकळं टोक आणि त्याच रंगाची ताणाची बाजू दोन हातांत धरून दोन्हीकडे झटक्यात ओढा. ती दोरी सरळ होते आणि दुसरीचा नुसता वेढा तिच्यावर उरतो, तो बोटाने सरकवला की निघून येतो. विहिरीच्या काठावर किंवा दगडावर घासून टोक ओढलं गेलं तर हेच आपोआप होतं.

उजवं डाव्यावर आणि परत उजवं डाव्यावर असं केलं तर आणखी वाईट, ती ग्रॅनी नॉट, ती कधी घसरते तर कधी अशी जाम होते की सुटत नाही. बुटाची लेस दर थोड्या वेळाने सुटते अशी तक्रार असते ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं. बुटावरच्या बो कडे वरून बघा, त्याचे दोन्ही कान आडवे, डावी-उजवीकडे पडले असतील तर रीफ, आणि बोटांपासून टाचेकडे उभे वळले असतील तर ग्रॅनी. पहिला पेच उलट दिशेने मारायला लागा, लेस सुटायची थांबते.

तर जोडायला शीट बेंड. दोऱ्या वेगळ्या जाडीच्या असल्या तरी चालते, तिचं खरं काम तिथेच आहे. जाड दोरीची दुमड करा आणि एका हातात धरा. बारीक दोरीचं टोक त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पायांच्या मागून फिरवा आणि मग आपल्याच दोरीखालून घाला, परत दुमडीत नाही. इथे परत दुमडीत घातलं की ती रीफच होते, फरक एवढाच. दोन्ही मोकळी टोकं एकाच अंगाला असू द्या. बारीक दोरी खूपच बारीक असेल किंवा दोन्ही घसरट असतील तर मागून एकदाच्या ऐवजी दोनदा फिरवून घाला, डबल शीट बेंड.

विणकर तुटलेला धागा जोडतात ती वीव्हर्स नॉट आणि हाताने विणलेल्या मासळीच्या जाळ्यातली प्रत्येक गाठ, दोन्हींची रचना हीच आहे. बोलाइनचीसुद्धा हीच, फक्त तिथे दोन दोऱ्यांऐवजी एकाच दोरीची दोन अंगं असतात. त्यामुळे एक नीट समजली की दुसरी फुकट येते.

गाडीवर सामान: ट्रकर्स हिच

टेम्पोवाले, छोटा हत्तीवाले दोरी टाकतात आणि दोन हिसक्यात कपाट जागच्या जागी गप्प बसवतात, त्यांच्या हातात ही गाठ किंवा हिचा भाऊबंद असतो. नुसत्या ताकदीने ओढून दोरी तेवढी आवळत नाही. इथे दोरीतच कप्पी तयार होते, हिशोबाने तिप्पट ओढ मिळते, प्रत्यक्षात दोरी दोरीवर घासते त्यामुळे बरीच कमी, पण हाताच्या ओढीपेक्षा नक्कीच जास्त.

समजा बाइकच्या मागच्या कॅरिअरवर तांदळाचं पोतं न्यायचंय. दोरीचं एक टोक कॅरिअरच्या डाव्या नळीला दोन वेढे आणि दोन हाफ हिचने पक्कं करा. दोरी पोत्यावरून उजवीकडे आणा. आता पोत्याच्या उजव्या अंगाला, कॅरिअरच्या नळीपासून वीतभर वर, दोरीला एक पीळ देऊन कडं करा आणि त्या कड्यातून मोकळ्या टोकाकडच्या दोरीची दुमड खेचून घ्या, म्हणजे सरकत्या गाठीचा एक लूप तयार होतो. दुमड मोकळ्या टोकाकडचीच हवी. तपासायचं असं: पोत्याकडची दोरी ओढा, लूप लहान व्हायला लागला तर उलटी झालीय, सोडा आणि परत करा.

मग मोकळं टोक खाली उजव्या नळीखालून घाला, वर आणा, लूपमधून काढा आणि खाली ओढा. पोत्यात दोरी रुतताना दिसेल. पोतं दोन्ही हातांनी हलवून बसवा आणि परत ओढा, कारण पहिल्या ओढीत धान्य आत सरकतं आणि जागा होते. ताण तसाच ठेवून लूपपाशी दोरी दोन बोटांत चिमटीत धरा आणि लूपच्या लगेच खाली दोन हाफ हिच मारा, दुसरी स्लिप्ड, म्हणजे घरी पोचल्यावर टोक ओढलं की सुटेल. सुरगाठीचा कान आणि उरलेली दोरी लोंबकळत ठेवायची नाही, चाकात किंवा चेनमधे गेली तर माणूस पडतो. ती कॅरिअरला गुंडाळून खोचून टाका, आणि थोडं अंतर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन एकदा ताण बघाच.

दोरीला धार लागत असेल, कपाटाचा पत्रा, फरशीची कड, तर मधे पुठ्ठा किंवा जुनं गोणपाट ठेवा. आणि ती हुकवाली इलॅस्टिक मिळते ती हेल्मेट किंवा छोट्या पिशवीपुरती ठीक आहे, जड सामानाला नको, खड्ड्यात ती ताणते आणि सामान उचललं जातं, शिवाय हुक सुटून डोळ्याला लागू शकतो. लावताना तोंड बाजूला ठेवा.

पावसाळ्याची ताडपत्री, तंबू

आयलेट फाटलेलं असतं किंवा नसतंच, तेव्हा कोपऱ्यात भोक पाडू नका. एक गुळगुळीत गोटा घ्या, ताडपत्रीच्या आतल्या बाजूने कोपऱ्याजवळ धरा, बाहेरून ताडपत्री त्यावर आवळून मानेसारखा भाग करा आणि तिथे क्लोव्ह हिच मारा. ताण गोट्यावर येतो आणि ताडपत्री फाटत नाही. कुठलाही एक कोपरा बाकीच्यांपेक्षा खाली बांधा, नाहीतर पाणी मधे साचून सगळं खाली येतं.

तंबूच्या दोरीला ताण कमी-जास्त करता यावा म्हणून टॉट लाइन हिच. दोरी खुंटीभोवती फिरवून आणा, मोकळं टोक ताणाच्या बाजूभोवती दोनदा गुंडाळा, हे दोन वेढे खुंटीच्या दिशेने जाणारे, कड्याच्या आतले. मग टोक त्या वेढ्यांच्या वर, तंबूच्या बाजूला न्या आणि तिथे त्याच दिशेने एक हाफ हिच मारा. हाताने गाठ सरकवली की सरकते, वारा आल्यावर मात्र जागा सोडत नाही. पीपीच्या दोरीवर घसरेल, तिथे आतला वेढा एक वाढवा.

बांबूला बांबू

मंडप, भाजीच्या वेलाचा मांडव, गणपतीच्या मखरामागचा सांगाडा. काटकोनात दोन बांबू बांधायचे तर स्क्वेअर लॅशिंग. उभ्या बांबूला, आडवा जिथे येणार त्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच. मग दोरी आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून, परत आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून अशी चौकोनात तीन वेळा, प्रत्येक वेढा आधीच्याच्या शेजारी. त्यानंतर जे करायचं ते बरेच जण करतच नाहीत: दोरी आता दोन बांबूंच्या मधून, आधीच्या वेढ्यांवरच आडवी दोन वेळा फिरवायची आणि जीव लावून ओढायची. याला फ्रॅपिंग म्हणतात आणि सगळी घट्टी इथून येते. शेवट आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने. बांधल्यावर बांबू हाताने फिरवून बघा, करकर आवाज आला पाहिजे, खडखड नाही.

हे माणूस उभा राहणार नाही अशा कामापुरतंच. परांचीवर माणसं चढतात, ते काम रोज परांची बांधणाऱ्यांकडूनच करून घ्या. रॅपलिंग (दोरीवरून कडा उतरणं) किंवा क्लाइंबिंगची दोरीही लेख वाचून बांधू नका, तिथली फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, शिकणं सोपं आहे पण ती तपासणारा दुसरा जाणकार माणूस शेजारी लागतो. सह्याद्रीत हे शिकवणाऱ्या चांगल्या गिर्यारोहण संस्था आहेत, १९६५ साली सुरू झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत रीतसर कोर्स चालतात, तिथे जा. शिवाय कुठलीही गाठ मारली की दोरीची ताकद कमी होते, गाठीच्या प्रकाराप्रमाणे साधारण पाचव्या हिश्श्यापासून ते निम्म्यापर्यंत, कारण वळणावर बाहेरच्या तंतूंना जास्त ताण पडतो. पाकिटावर लिहिलेलं वजन हे गाठ नसलेल्या नव्या दोरीचं असतं.

सराव कसा करायचा

एका वेळी एकच गाठ. खुर्चीच्या पायाला बांधायची, सोडायची, उलट्या हाताने बांधायची, मग डोळे मिटून. मिटल्या डोळ्यांनी जमली की पुढची घ्या, कारण खरी गरज पडते तेव्हा लाइट गेलेले असतात नाहीतर पाऊस कोसळत असतो. माझ्या मते क्रम असा ठेवा: दोन वेढ्यांची हिच, मग क्लोव्ह, मग बोलाइन, शीट बेंड, आणि ट्रकर्स हिच शेवटी. घरात मुलं असतील तर त्यांना सोबत घ्या, त्यांची बोटं आपल्यापेक्षा लवकर शिकतात, फक्त एक नियम पक्का, दोरी गळ्याभोवती कुणीही गुंडाळायची नाही.

आणि आधीच बसलेली निरगाठ सोडवायची असेल तर

टोकं ओढू नका, त्याने आवळतेच. सुतळी किंवा काथ्या ओला असेल तर आधी पूर्ण वाळू द्या, फुगलेले तंतू बसले की अर्धं काम होतं. मग गाठ दोन बोटांत चोळा, सगळ्या बाजूंनी चेपा, जाड दोरीची असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोका. एक टोक निवडा, ते गाठीच्या अगदी जवळ त्याच्याच पिळाच्या दिशेने घट्ट पिळा म्हणजे दोरी बारीक आणि ताठ होते, आणि ते ओढण्याऐवजी गाठीच्या आत ढकला. थोडी फट दिसली की त्यात बोथट टोकाचं काहीतरी घाला, काट्या-चमच्यातल्या काट्याचा एक दात चालतो, टोकदार सुई किंवा चाकू नको, तंतू तुटतात. फट रुंद झाली की दुमड बाहेर ओढायची, टोक नाही. सुटल्यावर दोरी लगेच गुंडाळून ठेवू नका, जिथे गाठ होती तिथे पीळ उलटा फिरवून मोकळा करा, हाताने चाचपून तुटलेले तंतू आहेत का बघा, आणि सावलीत टांगून ठेवा.